सापडलेला तांब्या
(मंडळाच्या रौप्यमहोत्सवी वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या मंडळाला यंदा पंचवीस वर्षे पुरी झाली. त्या निमित्ताने प्रत्येक सभासद भगिनीने काहीतरी करायचे असे ठरले. कोणी रांगोळी काढली, कोणी मंगळागौरीचे खेळ बसवले, कोणी नाटुकले लिहिले. माझ्याकडे पाहून चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही चार शब्द बोला." मी तर घाबरूनच गेले. मी सातवी पास बाई. दोनशे चपात्या लाटायला सांगा, हूं की चूं न करता लाटून देईन. पण भाषण कधी केलेले नाही. म्हणून लिहून आणले आहे. चुकले तर सांभाळून घ्या.

मुलांचे संगोपन या विषयावर आपल्याकडे पुष्कळ भाषणे झाली. मुलांना काय खायला द्यावे, अभ्यासाला कसे बसवावे, रागावावे की नाही, हे सर्व डॉक्टरीणबाईंनी आणि शिक्षिकाबाईंनी आपल्याला छान समजावून सांगितले. मी आज बोलणार आहे ते अशा मुलांविषयी, ज्यांना रागवायलाही कोणी नाही. अगदी तान्ह्या मुलांविषयी नव्हे. तान्हे मूल रडताना दिसले तर आपण कोणीही उचलून घेऊ. मी बोलणार आहे सोळा-सतरा ते बावीस-तेवीस वर्षांच्या मुलामुलींविषयी. आपल्या या मुंबईत ज्यांना रात्री पाठ टेकायला जागा नाही, आणि ज्यांना पाहिले की आपण पर्स छातीशी धरतो, त्यांच्याविषयी.

आणि बोलताना मला एक गोष्ट कबूलही करायची आहे. ती मी सात वर्षांत कोणाला सांगितली नाही.

२०१८ सालची गोष्ट. श्रावण होता. आमच्या चाळीच्या जिन्याखाली, विजेच्या मीटरांच्या पेट्या आहेत तिथे, एक मुलगा रात्री येऊन झोपू लागला. अठरा-एकोणीसचा असेल, नुकते मिसरूड फुटलेले, पाठीला शाळेच्या मुलांसारखे दप्तर. रात्री अकरानंतर येई आणि पहाटे नळाला पाणी येण्यापूर्वी निघून जाई. जाताना जागा झाडून जाई, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले होते. त्याचे खरे नाव मी सांगणार नाही. आपण त्याला दिनू म्हणू. दोन-तीनदा उरलेली भाजी-चपाती मी त्याला दिली. वर्तमानपत्राच्या कागदावर दिली, ताटात नाही, हेही सांगून टाकते.

श्रावणी सोमवार आला. पूजेला माझ्या आईने लग्नात दिलेला पितळी तांब्या काढायला गेले, तर जागेवर नाही. सारे घर धुंडाळले. मग संशय कोणावर जाणार? मी त्याला चोर म्हटले नाही. मी नुसती गॅलरीत उभी राहून मोठ्याने म्हणाले, "जिन्याखाली कोण कोण येऊन झोपते आणि घरातल्या वस्तू नाहीशा होतात!" एवढे पुरले. त्याच रात्री, भर पावसात, चाळीतल्या चौघा-पाच जणांनी त्याला उठवले आणि त्याचे दप्तर जमिनीवर उलटे केले. त्यातून काय पडले? एक सदरा, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला साबणाचा तुकडा, एक टॉवेल आणि शाळेच्या कागदांची फाइल. तांब्या नव्हता. तरी त्याला हाकलले. फाइल पावसात भिजली. मी वरून पाहत होते. तो काही बोलला नाही. कागद गोळा केले आणि गेला.

दिवाळीची साफसफाई काढली तेव्हा माळ्यावर वटपौर्णिमेच्या सुपांच्या गाठोड्यात तांब्या सापडला. मीच बांधून ठेवला होता. मैत्रिणींनो, मी काय केले असेल? चिंच लावून तांब्या घासला, देवापुढे ठेवला आणि गप्प राहिले. आजही आमच्या चाळीत म्हणतात, "मागे जिन्याखाली एक चोर झोपायचा." तो चोर नव्हता. चाळीतली मंडळी इथे बसली आहेत, त्यांच्यासमोर हे आज सांगते.

पुढे २०२० साल उजाडले. मार्चअखेर सारे बंद झाले, लोकलगाड्यासुद्धा थांबल्या. आपल्या मंडळाने तेव्हा खिचडी शिजवून वाटली, हे तुम्हा सर्वांना आठवत असेल. जवळच्या महापालिकेच्या शाळेत रस्त्यावरच्या लोकांना ठेवले होते, तिथे वाढायची पाळी माझी होती. तोंडाला फडके, हातात डाव. रांगेत एक मुलगा पुढे आला, ताट धरले, माझ्याकडे पाहिले आणि अगदी सहज म्हणाला,

"मावशी, तांब्या सापडला का?"

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. मी म्हटले, "सापडला."

"बरे झाले," तो म्हणाला, आणि ताट घेऊन पुढे गेला.

त्या बोलण्यात टोमणा असता तर मला सोपे गेले असते. टोमणा नव्हता. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले, वाढून झाल्यावर अंतर राखून त्याच्यासमोर बसले आणि त्याची सारी हकिकत ऐकली.

दिनू सात-आठ वर्षांचा असताना स्टेशनवर एकटा सापडला होता. बालकल्याण समितीने त्याला दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका बालगृहात पाठवले. तिथे तो दहावीपर्यंत शिकला. आपल्या मुलांना अठरावा वाढदिवस म्हणजे केवढा आनंद! त्याला त्या दिवसाची धास्ती होती. कारण बालगृहात अठरा वर्षांपर्यंतच राहता येते. दोन जोड कपडे, कागदांची फाइल आणि गाडीभाड्याचे पैसे घेऊन तो बाहेर पडला. बालगृहातला एक मोठा मुलगा आधी मुंबईला आला होता, त्याच्या ओळखीने लग्नाच्या जेवणाची कंत्राटे घेणाऱ्या एका माणसाकडे कामाला लागला. भांडी घासायची, पंगती वाढायच्या आणि रात्री गोदामात पातेल्यांच्या शेजारी झोपायचे.

आता नीट ऐका. तो श्रावणात आमच्या जिन्याखाली का आला? आषाढापासून लग्नाचे मुहूर्त बंद. मुहूर्त बंद म्हणून काम बंद. काम बंद म्हणून गोदामाची किल्ली मालकाच्या खिशात. आपण म्हणतो, चातुर्मासात लग्ने नसतात. पण त्यामुळे ऐन पावसाळ्यात कोणाचे अंथरूण जाते हे माझ्या कधी मनातही आले नव्हते. या शहरात हजारो मुले हॉटेलात, कारखान्यात, दुकानात, गोदामात काम करतात आणि तिथेच झोपतात. नोकरी गेली की त्याच रात्री छप्परही जाते. आपल्या घरातल्या मुलाची नोकरी गेली तर तो चार महिने घरी बसतो, आपण कुरकुर करतो, पण भात वाढतो. तो भात आणि ती कुरकुर ज्याला नाही, तो एका रात्रीत रस्त्यावर येतो.

घरातून निघून येणारी मुले वेगळी. दादर, कुर्ला, कल्याण, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस या स्टेशनांवर लांबच्या गाड्यांतून अशी मुले उतरतात. कोणाला सावत्र बापाचा मार, कोणी नापास झाला म्हणून, कोणी नुसता चार पैसे मिळवायला. मी एक मुलगा असा पाहिला की त्याचे चालणे-बोलणे मुलीसारखे म्हणून बापाने घराबाहेर काढला होता. आईने मागच्या दाराने डबा दिला, पण आत घेतले नाही. त्या आईलाही मी नावे ठेवत नाही. मीही गॅलरीतच उभी होते ना!

दिनूच्या गोष्टीनंतर मी जरा माहिती काढू लागले. आमच्या लेकीने वाचून दाखवले, वॉर्डातल्या समाजसेविकाबाईंनी समजावून सांगितले. त्यातले आपल्या उपयोगाचे तेवढे सांगते.

२०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईत सुमारे ५७ हजार माणसे बेघर मोजली गेली, आणि साऱ्या देशात सुमारे पावणेअठरा लाख. ही मोजणी रात्री उघड्यावर दिसणाऱ्यांची. जो गोदामात, रिक्षात किंवा मित्राच्या खोलीत चार दिवस झोपतो, तो यात कुठून येणार? २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मोठ्या शहरात दर एक लाख वस्तीमागे एक रात्रनिवारा असावा. मुंबईची वस्ती त्या जनगणनेत एक कोटी चोवीस लाख होती. म्हणजे सव्वाशेच्या जवळपास निवारे हवेत. तितके झालेले नाहीत.

१८ वर्षांच्या आतल्या मुलासाठी १०९८ हा फोन आहे. १९९६ साली आपल्या मुंबईतच टाटा समाजविज्ञान संस्थेतून हे काम सुरू झाले आणि मग देशभर गेले. २०२३ पासून ते सरकार चालवते. पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्रीही लागतो. २०१५ चा बाल न्याय कायदा असेही सांगतो की, बालगृहातून बाहेर पडणाऱ्या मुलाला अठरानंतर मदत करता येते. त्यासाठी अनुरक्षणगृहे असतात. तिथे एकविसाव्या वर्षापर्यंत, आणि फारच गरज असेल तर तेविसाव्यापर्यंत राहता येते. शिवाय २०१८ पासून आपल्या राज्यात अनाथ मुलांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत एक टक्का आरक्षण आहे, पण त्याला अनाथ असल्याचे प्रमाणपत्र लागते. दिनूला यातले काही माहीत नव्हते. आणि माहीत असते तरी कागद कुठे होते? ते तर आमच्या जिन्यात भिजले.

कागदांचे मोल मला तेव्हा कळले. रस्त्यावर झोपणाऱ्याची पिशवी आज ना उद्या चोरीला जाते. पिशवीबरोबर शाळेचा दाखला, गुणपत्रिका, आधार सारे जाते. मग कामावर घेणारा विचारतो, ओळख काय? खोली देणारा विचारतो, पत्ता काय? पोलीस विचारतो, इथे का फिरतोस? १९५९ सालचा मुंबईचा भीक प्रतिबंधक कायदा तर असा आहे की, ज्याच्याजवळ पोटापाण्याचे साधन दिसत नाही आणि जो असाच फिरताना आढळतो, तोही त्यात भिकारी ठरू शकतो. म्हणजे हात न पसरताच भिकारी!

आता थोडे जुन्या काळाचे बोलते. माझे वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणीकामगारांचा मोठा संप सुरू झाला तेव्हा मी तीन वर्षांची होते. संप संपल्याचे कोणी सांगितलेच नाही, गिरण्या मात्र एकेक करून बंद पडल्या. आमच्या घरी आईची खानावळ होती, तिच्यावर आम्ही जगलो. मी सातवीनंतर शाळा सोडली ती चपात्या लाटायला. अशा खानावळवाल्या बायकांना एकत्र करून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. सावकाराच्या तावडीतून बायका सुटल्या, हा इतिहास आपल्या या भागातलाच आहे.

आईकडे जेवायला येणारे सारे एकटे पुरुष. त्यांत नुकती मिसरूड फुटलेली पोरेही असत, साताऱ्याची, कोल्हापूरची, रत्नागिरीची. ती राहत गावकरी मंडळाच्या खोलीत. एका खोलीत वीस-पंचवीस माणसे, प्रत्येकाची एक पेटी, पाळीपाळीने झोपणे. गोवेकरांच्या अशाच जागांना कूड म्हणत, धोबीतलावाकडे त्या पुष्कळ होत्या. तिथे सुख होते असे नाही. ढेकूण होते, भांडणे होती. पण गावाहून पोरगा आला की त्याला पेटी ठेवायला जागा होती, पत्राला पत्ता होता आणि काम सुटले तरी त्याच रात्री कोणी बाहेर काढत नव्हते.

आणि आई काय करायची? एखादा खाणावळ्या रात्री आला नाही की ती माझ्या हाती कंदील द्यायची, वीज असली तरी जिन्यात अंधार असे, आणि म्हणायची, "जा ग, अमक्याच्या खोलीवर बघून ये, आजारी पडलाय की काय." मला कंटाळा यायचा. मी म्हणायची, "आई, पैसे बुडतील म्हणून बघायचे का?" ती म्हणायची, "पैसे बुडतील म्हणून पण, आणि पोर बुडेल म्हणून पण."

मैत्रिणींनो, मला वाटते सगळे यात आले. दिनूला छप्पर नव्हते हे खरे. पण तो आमच्या जिन्याखालून गेला त्या रात्री "हा कुठे गेला असेल?" असे या एवढ्या मोठ्या शहरात एकाही माणसाच्या मनात आले नाही. ज्याची कोणी वाट पाहत नाही, तो खरा बेघर. छप्पर देणे सरकारच्या हातात, महापालिकेच्या हातात. ते आपण मागत राहू. पण वाट पाहणे हे आपल्या हातात आहे, आणि ते काम आपल्याला शिकवावे लागत नाही.

मुलींचे तर आणखी अवघड. तुम्ही म्हणाल, मुली कुठे दिसतात रस्त्यावर झोपलेल्या? दिसत नाहीत, कारण त्या झोपतच नाहीत. सासूबाई इस्पितळात होत्या तेव्हा रात्री बाहेरच्या बाकावर एक मुलगी मी रोज पाहत असे. वाटले, कोणाची तरी नातेवाईक असेल. पाचव्या रात्री विचारले, "तुझे कोण आहे आत?" ती म्हणाली, "कोणी नाही. इथे दिवा असतो आणि बायका असतात." दिवसा एका दुकानात काम करत होती, शेवटच्या लोकलपर्यंत बायकांच्या डब्यात बसायची आणि मग इस्पितळात यायची. अशा मुलीला कोणीतरी "चल, माझ्याकडे राहा" म्हणतो, आणि तो का म्हणतो हे मी इथे सांगायला नको. सिंधुताई सपकाळ आपण साऱ्यांनी ऐकल्या आहेत. चौथी शिकलेली ती बाई, ऐन विशीत घरातून हाकलली गेली, कडेवर तान्ही मुलगी, आणि रात्री स्मशानात झोपली, कारण तिथे माणसांचे भय नाही. पुढे २०२१ साली पद्मश्री झाली, २०२२ साली गेली, हजारोंची माय होऊन गेली. पण त्या पहिल्या रात्री तिला कोणी एका बाईने दार उघडले असते तर? हा प्रश्न माझा पाठलाग सोडत नाही.

आता मी काय केले ते सांगते. फार थोडे केले. टाळेबंदी सैल झाली तेव्हा दिनूला म्हटले, "रात्री नऊला माझ्याकडे जेवायला येत जा." घरी मोठे वादळ झाले. आमचे हे म्हणाले, "घरात वयात आलेली मुलगी आहे, तुझे डोके ठिकाणावर आहे का?" त्यांचे म्हणणे चूक नव्हते. मुलीचीही मला काळजी होतीच. मग ठरले की, पान गॅलरीत मांडायचे, दार उघडे ठेवायचे आणि हे घरी असतानाच. आणि फुकट नाही. आईच्या खानावळीसारखी वही घातली. काम असेल तेव्हा पैसे द्यायचे, नसेल तेव्हा उधार लिहायचे. फुकटचे जेवण दहा दिवसांनी त्याच्याच घशाखाली उतरले नसते. वहीत नाव असले की तो आपला खाणावळ्या झाला, ताठ मानेने जेवला.

त्याची कागदपत्रे आपल्या मंडळाच्या लोखंडी कपाटात ठेवली, ती खजिनदार काकूंची कृपा. हरवलेल्या गुणपत्रिकेची दुसरी प्रत मिळवायला शाळेकडे आणि बोर्डाकडे आठ महिने पत्रे लिहिली. ती पत्रे आमच्या लेकीने लिहिली, हेही सांगायला हवे. शेजारच्या वायरमनकाकांनी त्याला हाताखाली घेतले.

गोष्ट इथे गोड झाली असे समजू नका. तो माझ्याशी दोनदा खोटे बोलला. एकदा खोलीच्या भाड्याला म्हणून पाचशे रुपये नेले आणि मोबाइल घेतला. मी खूप बोलले. मग तो आठ दिवस आला नाही. आमचे हे म्हणाले, "सांगितले होते ना मी!" मलाही वाटले, जाऊ दे, सुटलो. पण नऊ वाजले की कान जिन्याकडे लागायचे. नवव्या दिवशी आईची आठवण झाली. उठले आणि त्याच्या जुन्या गोदामाकडे विचारत गेले. तो तिथे पोत्यांवर पडला होता, डोळे हळदीसारखे पिवळे. कावीळ झाली होती. मला पाहून म्हणाला, "मावशी, तुम्ही कशाला आलात? वहीतले पैसे देणार होतो मी."

पैसे बुडतील म्हणून पण, आणि पोर बुडेल म्हणून पण. आईचे शब्द मी त्याला सांगितले. तेव्हा तो पहिल्यांदा रडला. त्याच दिवशी मी त्याला तांब्याची सारी हकिकत सांगितली, माळ्यावर मीच ठेवला होता इथपासून. तो म्हणाला, "मला तेव्हाच वाटले होते, घरातच असेल. आमच्या बालगृहातही असेच व्हायचे."

आज तो दिव्याला आणखी तिघांबरोबर भाड्याच्या खोलीत राहतो. वायरमनचे काम करतो. कमाई बेताची आहे, पण कामाचा एखादा महिना बुडाला तर बाकीचे तिघे सांभाळून घेतात. वहीतले दोनशे दहा रुपये अजून बाकी आहेत. तो म्हणतो, ते मी फेडणार नाही, फेडले की वही बंद होईल.

मी केले ते एकटीने केले म्हणून अर्धेच झाले. मंडळाने केले तर पुरे होईल. या रौप्यमहोत्सवात मला चार गोष्टी सुचवायच्या आहेत. कार्यकारिणीने विचार करावा.

पहिली, ताटाची वही. आपण साठ सभासद आहोत. दोन मुलांचे रात्रीचे जेवण पाळीपाळीने ठेवले तर एकेकीला महिन्यातून एक पाळीही येत नाही. जेवण मंडळाच्या खोलीत, दोन बायका हजर, वहीत नोंद. म्हणजे कोणाच्या घरात लेकीसुनांची काळजी नको.

दुसरी, कागदांचे कपाट. कपाट आहे, एक खण रिकामा आहे. ज्याच्या कागदांना जागा नाही त्याने ते मंडळात ठेवावेत, पावती घ्यावी, लागतील तेव्हा न्यावेत. याला एक पैसा खर्च नाही.

तिसरी, मुलींसाठी. आपल्या ओळखीच्या किती एकट्या वृद्ध बाया खोलीत रात्री घाबरत झोपतात! आणि किती मुली बाकावर बसून रात्र काढतात! समाजसेविकाबाईंना मध्ये घेऊन, चौकशी करून, या दोघींची गाठ घालून देता आली तर पाहावी. घाई करू नये, पण विसरूही नये.

चौथी गोष्ट माहितीची. १०९८ हा आकडा मंडळाच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहावा. आपल्या नात्यात, शेजारात आईबापावेगळे झालेले मूल मामाकडे, आजीकडे राहत असेल तर त्यांना बालसंगोपन योजनेची माहिती द्यावी. २०२३ साली तिची मदत महिना ११०० रुपयांवरून २२५० झाली. एवढ्यात मूल वाढत नाही हे मला कळते. पण आजीला मूल जड होऊ नये एवढा आधार होतो. रस्त्यावर आलेले पोर परत आणण्यापेक्षा ते रस्त्यावर येऊ न देणे केव्हाही बरे.

कोणी म्हणेल, सगळेच दिनू नसतात, एखादा खरोखरच तांब्या नेईल. नेईल, बाई. कदाचित नेईलही. पण तांब्या बाजारात पुन्हा मिळतो. मी हरवलेला तांब्या परत मिळवला आणि दोन वर्षे त्यातले पाणी देवाला वाहताना माझा हात कापत असे. त्यापेक्षा तो गेला असता तर बरे, असे मला पुष्कळदा वाटले आहे.

तो तांब्या मी आज इथे आणला आहे. मंडळाच्या खोलीत पाण्याच्या माठाशेजारी ठेवावा, जो येईल त्याने त्यातून पाणी प्यावे, एवढी विनंती करते.

  चाळीतल्या मंडळींना माझ्या बोलण्याचा राग आला असेल तर तो माझ्यावर काढावा. पण आजपासून त्या मुलाला चोर म्हणू नये.